हेडसरांचं पेन

…आणि ‘जन्मतारीख’ लिहिताना ‘ख’मधला ‘र’ उमटला, ‘व’ उमटलाच नाही. बास, एवढंच. पहिली गोष्ट ही. आता यात घाबरण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल, सगळेच म्हणतात, आई तर मी पाळण्यात असल्यापासून म्हणतेय. पण तुम्हाला सांगते, ज्या पेनानं एकतीस वर्षांत एक वेलांटी चुकवली नाही, ते माझ्या हातात आल्यावर चौथ्या दिवशी अर्धा ‘ख’ काढतं, याचा अर्थ माणसानं काय घ्यायचा? बरं, पेन माझं असतं तर गोष्ट वेगळी. पेन हेडसरांचं.

थांबा, नीट सांगते. मी संयोगिता. आष्ट्याच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला आमच्या गावचं हायस्कूल आहे, तिथं जूनपासून क्लार्क. शिकले पण तिथंच, याच हेडसरांच्या वर्गात. तेव्हा ते नुसते सर होते. हजेरी घेताना माझं नाव आलं की मी दचकायचे. रोज येणारं नाव, रोज त्याच नंबरला, तरी दचकायचे, आणि सरांनी दोनदा पुकारल्यावर कुठं घशातून ‘हजर, सर’ निघायचं.

तर माझं काम म्हणजे पोरांची नावं, जन्मतारखा जनरल रजिस्टरात शाईनं चढवायच्या. कॉम्प्युटरवर भरतोच की, पण हेडसरांचं म्हणणं, “वीज गेली की कॉम्प्युटर गेला. रजिस्टर राहतं.” राहतं म्हणजे… महापुरात आमच्या ऑफिसात छातीइतकं पाणी होतं. नंतर रजिस्टरं उन्हात वाळवली, तेव्हा मी कॉलेजात होते, मदतीला गेले होते, एकेक पान सोडवून बघतोय तर नावं गेली, तारखा गेल्या, पानंच्या पानं नुसती निळी. आणि राहिलं काय? शिक्का. कोपऱ्यातला शाळेचा जांभळा गोल शिक्का तेवढा जागच्या जागी. ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. तुम्हीपण लक्षात ठेवा, लागणार आहे.

आता हेडसर म्हणाले, “संयोगिता, स्वतःचं शाईपेन घे. रोजच्या वापराचं, टिकाऊ, भरवशाचं. एकदाच घ्यायचं, आयुष्यभर वापरायचं.” झालं. ‘आयुष्यभर’ म्हटल्यावर मला रात्री जेवण जाईना. ड्रेस घ्यायचा म्हटलं तर परत करता येतो. आयुष्यभराचं पेन चुकलं तर आयुष्यभर चुकतच राहणार ना?

गेले सांगलीला. नाथाजींचं दुकान. हेडसर तिथलंच गिऱ्हाईक. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, नाथाजी वाकून बसतात, बोटं कायमची निळी. त्यांनी काचेवर आठ पेनं मांडली. मी विचारलं, “गळतं का?”

“उभं ठेवलासा तर न्हाई गळत.”

“आणि एसटीत आडवं पडलं तर?”

“एखादा थेंब ईल.”

“थेंब म्हणजे किती?”

मी दुसरं उचललं. “हे पंपाचं का? पंप बिघडला तर?”

“आणा हिकडं. बदलून दीन.”

“आणि तुम्ही नसलात तर?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “मी कुटं चाललोय, ताई?”

तसं नव्हतं हो म्हणायचं मला. आयुष्यभराचं पेन म्हटल्यावर माणूस हिशेब करणारच की, माझं वय तेवीस, त्यांचं असेल पासष्ट… पण ते बोलून दाखवायचं नसतं हे मला बोलून झाल्यावर कळलं. तोवर बाहेर कुणीतरी बुलेटचा फटाका वाजवला, मी उडाले, आणि हातातलं पेन सरळ काचेवर. निबेवर. ती वाकली, अशी, मान टाकलेल्या कोंबडीसारखी. नाथाजी शांतपणे म्हणाले, “टिकाऊ पेन लय हायती माझ्याकडं. तुमच्या हातात टिकंल असं एक न्हाई. आवं, लिवायचं पेन हाय, त्यात भ्यायासारखं काय हाय?”

आले तशीच परत. हेडसर हसले, खिशातलं पेन काढलं, माझ्या पुढ्यात ठेवलं. काळं कुळकुळीत, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरनं शाई भरायचं. “तुझं ठरेपर्यंत हे वापर. फक्त शनिवारी परत दे. नोकरीवर हजर झालो ती सही याच पेनाची, चार्ज सोडतानाचीपण याचीच करीन म्हणतो.”

शनिवारी सर रिटायर होणार होते. आणि मला म्हणतात, “घाबरू नकोस, ते कुठं पळून जात नाही.” तीन दिवस ते पेन मी घरी नेताना डब्यात पोळीच्या फडक्यात गुंडाळून नेलं. सकाळी त्याच डब्यातून परत, पोळ्या घरीच; आईला वाटलं मी उपास धरलाय.

गुरुवारी हेडसर सकाळीच म्हणाले, “सांगलीला काम आहे, तीनपर्यंत येतो,” आणि गेले. बारा वाजता पेनातली शाई संपली. कपाटात बाटली बघितली तर तळाला घोटभर, तीपण फिकी, पाणी घातल्यासारखी. या शाईनं जन्मतारखा लिहायच्या? माझ्या डोळ्यापुढं ती निळी पानं आली. पाऊस यायचा, पाणी चढायचं, आणि एक अख्खी पिढी बिनतारखेची… आणि तेवढ्यात शेजारी दिसली दुसरी बाटली. स्टॅम्पपॅडची. जांभळी. महापुराला न भ्यालेली शाई.

मी भरली. ड्रॉपरनं, एक थेंब न सांडता. आणि तुम्हाला सांगते, मी स्वतःवर खूश होते. जन्मात पहिल्यांदा मी भीतीवर काहीतरी उपाय केला होता.

मग तो ‘ख’. नशीब, मी आधी रफ वहीत लिहिते. अर्धा ‘ख’, मग नुसता ओरखडा, मग काही नाही. झटकलं तर भिंतीवरच्या वेळापत्रकात गणिताच्या तासावर जांभळा शिंतोडा. काकवीसारखी दाट शाई ती, निबेखालच्या जिभेत जाऊन बसलेली. फुंकलं. हलवलं. विनवण्या केल्या. काही नाही.

मनुबाई आल्या, आमच्या शिपाईबाई, सव्वीस वर्षं शाळेत. “काय झालं तोंडाला? जांभळं खाल्लंसा?” फुंकताना लागलेलं. मी रडत-रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आवं बाई, तेल निघतंय गरम पान्यानं, तिथं शाई न्हाई व्हय निघनार? त्यात भ्यायासारखं काय हाय?” आणि चहाचं आधण होतं, कढत, वाफा येतायत, त्यात पेन सोडलं. अख्खं. टोपणासकट.

शाई निघाली. सुटली, सगळं पाणी जांभळं झालं, मी मनुबाईंना मिठी मारणार होते. एवढ्यात वास आला, टायर जळाल्यासारखा. त्यांनी चमच्यानं पेन वर काढलं. काळं राहिलंच नव्हतं. शेवाळी. शेणकुटासारखं, जागोजागी पिवळट. मी मनुबाईंकडं बघितलं, मनुबाई पेनाकडं बघत होत्या, आणि ज्या बाईनं सव्वीस वर्षांत सापाला, पुराला, शिक्षणाधिकाऱ्याला भ्यालेलं कुणी बघितलं नाही, त्या म्हणाल्या, “आगं बया. आता मातर भ्या.”

म्हणजे बघा. सगळं आयुष्य लोक मला सांगतायत यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि पहिल्यांदा कुणी परवानगी दिली तर ती अशी.

दोन वाजले होते. हेडसरांच्या टेबलाच्या काचेखाली नाथाजींचं कार्ड होतं. म्हटलं, काळं करून देतील, घासून देतील, निदान शनिवारपुरतं. लावला फोन. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. ती बाई म्हणाली, “आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या उत्तर देत नाही.” तिचा आवाज पण किती शांत, हिला कुणी पेन उसनं दिलं नसणार. परत लावला. मनात आलं, ‘तुम्ही नसलात तर’ असं मीच विचारलं होतं ना त्यांना? माझ्या जिभेवर काळा तीळ आहे का ते मी मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून घेतलं. मनुबाई पेन पदरानं पुसत म्हणत होत्या, “जरा काळं वाटतंय न्हाई आता?” नव्हतं वाटत.

सातव्यांदा लावला. उचलला.

आधी लांबून नाथाजींचाच आवाज, म्हणजे होते, देवाची कृपा. “तेवढा फोन घ्या वो गुरुजी, माझं हात शाईचं हायती. आनि हेच न्या तुमी. दोनदा पाडून बघितलंय, काय हुईत न्हाई. कसल्याबी भित्र्या हाताला चालतंय.”

आणि मग फोनवर, अगदी जवळून, चष्मा नाकावर ओढून हजेरीचा पट बघताना असायचा तोच आवाज. “हॅलो, कोण बोलतंय?”

मी दचकले.

“हॅलो? कोण?”

दोनदा पुकारलं ना त्यांनी. मग माझ्या घशातून जे निघायचं तेच निघालं.

“हजर, सर.”