ह्यांनी केलेला भोवरा

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या शेजारच्या काकूंचं ऐका, आणि मग सांगा, मी इंग्रजी शिकून काय मिळवलं. काका वारले त्यानंतर महिन्याभराने कॅनडातल्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिला मराठी येत नाही, म्हणून काकूंनी मला हाक मारली.

"तिला म्हणा, ह्यांनी कारखान्यात जो पितळी भोवरा तुझ्यासाठी केला होता, तो न्यायला ये."

मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. नातीने विचारलं, "त्यांनी म्हणजे कोणी?"

"तुझ्या आजोबांनी."

"कोणत्या? मला दोन आजोबा, आणि दोघेही कारखान्यातच होते. नाव सांगा ना!"

मी अडलो. इतकी वर्षं मी त्यांना नुसतं 'काका' म्हणत आलो, आणि दारावरच्या पाटीवरही फक्त आडनाव.

"काकू, काकांचं नाव काय हो?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई म्हणायच्या."

त्या उठल्या आणि भिंतीवरच्या काकांच्या फोटोची काच पदराने सावकाश पुसली. मग हळूच म्हणाल्या, "आता काय कमी व्हायचं राहिलंय? दत्तात्रय."

मी घाईने फोनकडे वळलो. वाट बघून कंटाळलेल्या नातीने तो केव्हाच ठेवून दिला होता.

"काय म्हणाली हो?" काकूंनी विचारलं.

"येते म्हणाली," मी म्हटलं.