भिंतीपलीकडचा गोल

रोझारियो शहरातल्या दवाखान्यात लशीच्या रांगेत बाळाला थोपटत उभी होते. पुढे झुल्माबाई मैत्रिणीला सांगत होत्या.

"नवऱ्यानं टीव्हीला ती इंटरनेटची डबी जोडली. चित्र अगदी आरशासारखं!"

"मग कुरकुर कसली?"

"अगं, सगळं उशिरा येतं! भिंतीपलीकडे दीर, त्याचा जुना अँटेना. तो 'गोल' म्हणून बोंबलतो, तेव्हा आमच्या डबीत चेंडू अजून मैदानाच्या मध्यात."

"आणि दोघं भाऊ तर बोलत नाहीत ना?"

"आईच्या घरात भिंत घातल्यापासून नाही. हा म्हणतो, मेला मुद्दाम ओरडतो."

"मग तुम्हीही अँटेना लावा."

"तो यानं ऐटीत भंगारात दिला! रविवारी मात्र आमच्याकडे गोल झाला, तरी पलीकडे चिडीचूप. याचा चेहराच उतरला. अनवाणी धावला तिकडे."

"अगं बाई! दीर बरे आहेत ना?"

"ठणठणीत! तोंडावर उशी दाबून बसलेला. जाऊ म्हणाली, एकदा तरी भावाला गोल त्याच्याच टीव्हीवर आधी कळू दे, म्हणून."

"मिटलं म्हणायचं!"

"कसलं मिटतंय! आता सामना एकाच सोफ्यावर बसून बघतात. बोलत मात्र अजून नाहीत. नुसते ओरडतात."