डोळे मिटून फेकलेली चौकट

दवाखान्याच्या बाकावर दोन्ही तळवे वर करून बसलेल्या नकाशावाल्या बाई शेजारच्या म्हाताऱ्या मोजणीदाराला झाडत होत्या. पट्ट्या गुंडाळणाऱ्या कंपाउंडरचे हात केव्हाच थांबले होते.

“मामा, उपग्रहाच्या फोटोत त्या माळावर काटेरी झुडपं दिसतात. आणि तुमच्या वहीत तीन वर्षं नुसतं गवत!”

“लोखंडी चौकट फेकायची, ती पडेल तिथे काय उगवलंय ते लिहायचं. नियम तुमचाच.”

“डोळे मिटून फेकायची, हाही नियमच आहे.”

“मिटत होतो की! आधी गवताकडे तोंड करायचो, मग मिटायचो.”

“आणि आम्ही उपग्रहाला आंधळा ठरवून बसलो!”

“त्याचं काय जातंय, बाई? चौकट परत आणायला त्याला थोडंच काट्यांत शिरावं लागतं?”

“मी शिरले ना आज!”

“म्हणून तर इथे बसलोय.”

आतून डॉक्टरांनी विचारलं, “काटे किती आहेत?”

“उजव्या हातात अकरा. डाव्यातले मोजलेच नाहीत.”

उठता उठता बाई मामांच्या कानाशी वाकल्या. “परवा नकाशा द्यायचाय, अजून नऊ जागा राहिल्यात. उद्या तोंड कुठे करायचं, तेवढं दाखवा.”