दादाच्या कानाचा साचा

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या मुठीत सहा महिन्यांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचं श्रवणयंत्र होतं.

"वहिनी, दादाचं जुनं यंत्र तुम्ही घालणार?"

"मोठ्यानं बोला, ताई."

"दादाचं जुनं यंत्र घालणार?"

"जुनं कसलं! नवंकोरं आहे. मी तोंड उघडलं की तुमचे दादा ते काढून खिशात टाकायचे."

"काहीतरीच. जेवताना तर घालायचा."

"जेवताना मी गप्प असते."

तपासणारी बाई ते यंत्र आत घेऊन गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली.

"आजी, यंत्र चांगलं आहे. फक्त हा कानात बसणारा साचा आजोबांच्या मापाचा आहे. तो टाकून देते आणि तुमच्या मापाचा नवा करू."

"टाकायचा नाही! इकडे द्या."

"वहिनी, काय करणार त्या प्लॅस्टिकचं?"

"अहो, सुपाएवढे कान म्हणून लाजायचे ते. फोटो काढायचा म्हटलं की कानटोपी चढवायचे. घरात ढीगभर फोटो आहेत, ताई, पण एकातही कान नाही."