मोराचा मांडणा

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक आत्या आणि तिची भाची बोलत होत्या.

"मिताली, आपण दारात जमिनीवर काढतो तसला, मी कागदावर काढलेला मोराचा मांडणा तू त्या सांवेर रोडच्या अगरबत्तीवाल्याला विकलास ना?"

"विकला नाही आत्या, लायसन्स दिलं. डब्यावर छापायला."

"म्हणजे भाड्याने दिला?"

"हां, तसंच समझ ले."

"मग मांडणा माझाच राहिला."

"तुझाच. कॉपीराइट तुझ्याच नावावर आहे."

"चला, बरं झालं. शेजारच्या विनीताच्या मुलाचं लग्न आहे, तिच्या दारात तोच काढीन म्हणून सांगून आलेय."

"तो नको काढू."

"का गं? आत्ताच तर माझा म्हणालीस."

"आहे तुझाच. पण लायसन्स एक्सक्लुझिव्ह आहे. पाच वर्षं फक्त तेच वापरणार, दुसरं कोणी नाही."

"मी दुसरी आहे का?"

"आत्या, तसं साफ लिहिलंय त्यात. ज्याने काढला, त्यानेसुद्धा वापरायचा नाही."

"अगं, मी तर गेरू-खडीने काढणार. तेही फुकट."

"फुकटचं काही लिहिलेलं नाही. मेल टाकून विचारते त्यांना."

"माझ्या मांडण्याचं त्यांना विचारायचं?"

"हां."

"आणि आमच्या उंबऱ्याशी काढलेला आहे, तो?"

"तो तर आधीचाच आहे. राहू दे."

"पुसट झालाय तो. वरून खडीचं बोट फिरवू की नको?"

"थांब आत्या, परत वाचते."