शेवटचं हिरवं बटण

— नाही हो काका, कागद आत सरकवू नका, परवा सांगितलं ना, जाहिरात आता मोबाईलवरूनच. काढा मोबाईल. काकूंचा फोटो आहे ना त्यात? हा, हाच, दरवर्षीचा. पुन्हा शिकवते. आता हेच काम माझं — पेपरची जाहिरात घ्यायची नाही, घरबसल्या कशी द्यायची ते शिकवायचं. आणि शिकलेला माणूस परत येतो का? कशाला येईल! खिडकीशी कुणी येईनासं झालं की खिडकी बंद, असा हुकूम आहे. म्हणजे ज्या फांदीवर बसलेय तिच्यावर मीच कुऱ्हाड चालवायची — तीही हसतमुखानं.

फार वर्षांपूर्वी एक साहेब आले होते भाषण द्यायला. म्हणाले, घरन् घर तारेनं जोडलं जाईल, लोक आपली जाहिरात आपणच देतील, आधी छोट्या जाहिराती जातील, मग बातम्या फुकट होतील, मग छपाई. आमचे हे छपाईवर होते. मागच्या रांगेतून म्हणाले, ‘तारेवर कपडे वाळतात, पेपर नाही!’ काय हसलो आम्ही! आता यंत्र भंगारात गेलंय आणि हे घरी. खिडकीचं त्यांना सांगितलं नाही अजून — कुठल्या तोंडानं सांगू? साहेबांचं सगळं खरं ठरलं हो. फक्त माझी खिडकी माझ्याच हातानं लावून घेतील, तेवढं नाही बोलले.

काय? तिसरी खेप, तरी जाहिरात जात नाही? कशी जाईल — शेवटचं हिरवं बटण मी दाखवतच नाही कुणाला. म्हणजे… लोक परत येतात, खिडकीशी माणसं दिसतात… असं बघू नका ना काका. वर सांगू नका.

उद्याच आहे काकूंचा स्मृतिदिन? उद्याच्याच अंकात हवी? अगंबाई… आणा इकडे. मोबाईलमधल्या या तयार ओळी राहू देत, आपली जुनीच घाला — ‘तुझ्याशिवाय चहा एकट्याचाच’ — मीच सुचवली होती, आठवतं? आता खाली सरकवा. अजून. ते बघा, हिरवं. मी नाही, तुम्हीच दाबा.

गेली.

पुढच्या वर्षी घरूनच द्या आता. नाही, बसू नका. तुमच्यामागे आहे का कुणी? नाही ना? मग या काका. दार ओढून घ्या.