खालचं वांगं

आमच्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची ही गोष्ट. अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. पोरगी रोजगार मेळाव्यातून परतत होती. मूर्तिजापूर आलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती, तेव्हा आईनंच विचारलं.

"रागिणी, आता तरी सांग. घेतलं का तुले?"

"घेतलं. एक तारखेले ये म्हने. बियाण्याच्या कंपनीत, अकोल्यातच."

"मंग तोंड पाडून काहून बसली? माया जीव टांगनीले लागला ना!"

"बोलली असती तं रडू आलं असतं."

"अन् कॉलेज वर्षभर सुटलं होतं, ते झाकलं ना?"

"नाही."

"सगळ्यायनं बजावलं होतं तुले, ते सांगू नोको म्हनून!"

"माय, तू बाजारात चांगले वांगे वर मांडतं. गिऱ्हाईक काय करते?"

"काय करते? हात घालून खालचंच काढते."

"म्हनून म्या खालचंच आंदी दाखवलं. म्हटलं, बाबा खाटेवर होते, वर्षभर भाजीचं दुकान म्या चालवलं."

"मंग?"

"मुलाखत घेनाऱ्या मॅडमनं फाईल बाजूले ठेवली. म्हने, गिऱ्हाईक भांडलं तं काय करे तू? म्या बोलतच रायली."

"घरी तं शबूद निंघत नाही तुया!"

"मंग त्याईनं इचारलं, आता बाबा कसे हायेत?"

"रडली का?"

"नाही वं. सीधं सांगतलं. म्हटलं, माये बाबा, देवानंद, गेल्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारले. तवाच म्हने, एक तारखेले ये."